पाटीमागचं गवत

काउंटीच्या कागदावर माझ्या नावापुढे पाच पाट्या आहेत.
उन्हाळाभर दर दहा दिवसांनी त्यांच्याभोवतीचं गवत कापायचं,
पाखरांची शिट पुसायची,
ट्रॅक्टरचा धक्का लागून खांब वाकला तर सरळ करायचा.
अक्षरांना हात लावायचा नाही.
अक्षरं मिस टॉलेफ्सरूड यांची. त्या आता वृद्धाश्रमात असतात
आणि मला माझ्या बापाच्या नावानं हाक मारतात.

पहिली पाटी ओढ्यावरच्या पुलापाशी.
'एझ्रा व्हिपल यानं १८३७च्या मे महिन्यात इथे पहिलं घर बांधलं.
त्याआधी येथे केवळ रान होतं.'
म्हणजे जमीन कोरी पाटी. व्हिपल आला आणि त्यानं श्री लिहिला.
पण त्याची वही मी पाहिली आहे, वाचनालयातल्या काचेखाली,
उघडी ठेवलीय त्या एकाच पानावर:
'वाट गुडघाभर खोल, एका माणसापुरती रुंद,
रानप्लमच्या जाळीतून थेट झऱ्याला लागते.'
गुडघाभर वाट रानाला आपोआप पडत नाही, एझ्रा.
किती पोटावाटोमी बायांनी पाणी आणलं असेल तिथून,
किती पोरं मागे रेंगाळली असतील
तेव्हा माती इतकी झिजते.
पुढच्या वर्षी बंदुका मागे लावून त्यांना पश्चिमेला चालवत नेलं.
झऱ्याचं नाव तेवढं राहिलं,
तेही पाटीवर चुकीच्या स्पेलिंगनं.

दुसरी गिरणीची, तिसरी शाळेची. त्यांचं काही विशेष नाही.
तिसरीच्या मागे गांधीलमाश्या असतात, जपून.

चौथी बॉयर्सच्या मक्यात आहे, रस्त्यापासून शंभर पावलं आत.
ऑगस्टात ती दिसतही नाही, फक्त मी आणि मका.
'जुने हार्मन. १८३७ ते १८७१.'
बस. एवढंच.
रेल्वे दोन मैल उत्तरेकडून वळली
आणि उरलं काय तर घरं. मग घरंच उचलली.
जानेवारीत, ओढा गोठल्यावर, ओंडक्यांवर ठेवून,
बावीस बैल एकेका घराला.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते
अख्ख्या गावानं करून दाखवलं.
लोहाराचं दुकान ऐरणीसकट, चर्च घंटेसकट,
वाटेत प्रत्येक खड्ड्याला घंटा वाजायची,
आणि कोण मेलं म्हणून कुत्री रडायची.
माझी पणजी लोव्हिना घरातून उतरलीच नाही.
चूल पेटलेली, धुराडं चालत्या छपरातून धूर सोडतंय,
एका गावात तिनं कणीक मळली
आणि दुसऱ्या गावात पाव काढला.
थोडा कलंडला होता म्हणे, एका बाजूनं फुगलेला.
तो कलंडलेला पाव कुठल्याच पाटीवर नाही.

थडगी नेली नाहीत.
घटसर्पाच्या हिवाळ्यातली नऊ मुलं तिथेच आहेत, मक्याखाली,
त्यात लोव्हिनाची दोन.
ती खिडकीशी उभी होती की चुलीशी, घर हललं तेव्हा,
हे मला कुणी सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही, विचारायच्या वयात.

पाचवी पाटी नव्या गावात, बँकेसमोर. ती चकचकीत आहे.
तिथे लोक फोटो काढतात.

प्रत्येक पाटीची मागची बाजू कोरीच असते.
ओतताना तिकडे कुणी बघत नाही.
मी बघतो, कारण यंत्र घेऊन मला मागूनच वळावं लागतं.
चौथीच्या मागे हातभर पट्टा मी कापत नाही.
तिथे जुनं गवत येतं, नांगराच्याही आधीचं,
खांद्याएवढं, सप्टेंबरात तांबडं होतं.
साहेबानं दोनदा लिहून पाठवलं: 'काम अर्धवट.'
मी उत्तर दिलं, यंत्र तिथे अडतं.

खोटं नाही ते अगदीच.