अकरा मिनिटांची खाडी

करंजोळच्या जेटीवर मी तिकिटं फाडतो.
माणशी पंधरा, दुचाकीला तीस,
बकरी असली तर वाद घालून दहा.
बोट यायला वीस मिनिटं, खाडी ओलांडायला अकरा,
त्यामुळे बावीस वर्षांत
माझ्या वाट्याला आल्या त्या नुसत्या सुरुवाती.

‘आमचो गणपा शिमग्याच्या आदल्या दिवशी घरातसून भायर पडलो तो –’
भोंगा.
‘जावयान डबो उघडल्यान, तर आत –’
भोंगा.
‘बावडेर राती कोणतरी पांढरा उभा –’
त्या वेळी मी स्वतः साखळी धरून ठेवली,
तांडेल माझ्या आईपर्यंत पोचेपर्यंत.
एवढंच कळलं, की ते पांढरं हललं.

शेवट सगळे पलीकडे उतरतात.
तिथे तिकिटं गोळा करायला शब्बीर सोलकर.
त्याला मिळतात ती धडं, मुंडकं नसलेली,
मुशी कापून ठेवावी तशी:
‘– म्हणान तीच म्हस दुप्पट पैशे देऊन परत घेतल्यान.’
‘– आणि थयसून दोगांय एकाच रिक्षेत!’
‘– मगे बघतत तर वाळत घातलेली बंडी.’

परतीच्या फेरीला हे उलटं व्हायला हवं, म्हणाल.
होत नाही.
बाजारातून परतणारा माणूस गोष्ट सांगत नाही,
पिशव्या मोजतो.

दर महिन्याच्या सात तारखेला पगाराला आम्ही भेटतो.
बंदर खात्याच्या ओट्यावर, मध्ये भाजलेले काजू,
मी सुरुवाती काढतो, तो शेवट काढतो,
आणि पत्रिका जुळवायला बसावं तसे बसतो.

गणपा घरातून बाहेर पडला तो –
– तर वाळत घातलेली बंडी.
बसलं!
जावयाने डबा उघडला, तर आत –
– तीच म्हैस.
थोडा विचार करावा लागला. पण बसलं.
विहिरीवर पांढरं कोणीतरी –
– आणि दोघंही एकाच रिक्षेत.
इथे शब्बीरच्या नाकातून काजू बाहेर आला.

‘माल चारच साच्यांतला,’ तो डोळे पुसत म्हणाला.
‘कोणीतरी जातो. कोणीतरी येतो.
काहीतरी हरवतं.
आणि ज्याला मेला म्हणून रडलो, तो तेराव्याला जेवायला बसतो
आणि म्हणतो, वडे कडक झालेत.’
मी म्हटलं, पाचवा राहिला, भाऊबंदकी.
‘ती गोष्ट नव्हे,’ शब्बीर म्हणाला,
‘तिला तारीख पडते, शेवट कुठे असतो?’

बांदिवडेकर मास्तर शेजारी बसून ऐकत होते.
त्यांच्या कुठल्याशा पुस्तकात साचे सात निघाले,
आकृत्यांसकट, बाणांसकट.
शब्बीरने अदबीने विचारलं,
सातांत बकरी कुठे बसते?
मास्तर दोन फेऱ्या गप्प होते.
तिसऱ्या बोटीने गेले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले,
‘खरं सांगायचं तर –’
भोंगा.

एक सुरुवात मी ओट्यावर काढत नसे.
नलू गिरकर, निळी छत्री, मोडकी काडी.
रोज आठ-चाळीसची बोट, पलीकडे टपाल कचेरीत कामाला.
शेवटच्या दिवशी, बदलीची ट्रंक हमालाच्या डोक्यावर,
तिकीट घेऊनही ती खिडकीशी उभी राहिली.
‘तुका एक सांगूचा होता –’

सोळा वर्षं झाली.
परवा काजू संपल्यावर मी विचारलं.
उतरल्यावर ती काही बोलली होती का?
शब्बीर बराच वेळ आठवत बसला.
त्याला म्हशी आठवतात, बंड्या आठवतात,
माणसांना वेळ लागतो.
‘निळी छत्री ना? टपरीवर थांबली होती.
एसटी येईपर्यंत इकडेच बघत होती, खाडीकडे.
मग म्हणाली, चहात साखर कमी आहे.’

तुला एक सांगायचं होतं –
– चहात साखर कमी आहे.

शब्बीर माझ्याकडे बघत राहिला.
मीच म्हटलं,
बसलं.
पुढची काढ.