दहापैकी किती

राजारामपुरीत, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर
मुल्लाणी मॅडमनी कागद पुढं सरकवला:
उपचारांचा तुम्हाला किती उपयोग झाला?
शून्य ते दहा. एका आकड्याला गोल करा.

मी उद्यमनगरातला टर्नर.
सव्वीस वर्षं लेथवर उभा.
व्हर्नियर हातात द्या,
मिलिमीटरचा पन्नासावा भाग सांगतो.
हे कुठल्या जबड्यात धरू?

पहिल्या गोळीला हवं तर एक द्या.
तोंडाला कोरड, दुपारी दोनला डोळ्यांवर झापड,
फिरत्या चकाकडं हात जाता जाता राहिला.
शेटनी महिनाभर मोजमापाच्या टेबलावर बसवलं,
पोरं हसली नाहीत, तेच जास्त लागलं.

मग दुसरी गोळी.
आठ दिवस काही नाही. पंधरा दिवस काही नाही.
वैजू कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी
रोज एक बारकी फुली मारायची.
बाविसाव्या का तेविसाव्या दिवशी
मी म्हणालो, आमटीत मीठ कमी आहे.
ती हातातली पळी तशीच धरून बघत राहिली.
पाच महिन्यांत जेवणाला नावं ठेवली नव्हती मी.

तुमच्या आधी ताराबाई रोडला एक साहेब होते.
चांगलं तेच मनात आणा म्हणाले,
पहाटे फिरायला जा म्हणाले, पाचशे घेतले.
त्यांना शून्य.
नाही, थांबा. अर्धा द्या.
त्यांच्या जिन्यात चपला काढताना
आधीचे सात जोड होते.
सात.
मला वाटलेलं, कोल्हापुरात मी एकटाच.

आणि तालमीतले बाबूमामा?
"कसलं डिप्रेशन न् फिप्रेशन,
दोनशे बैठका मार, रग जिरली की झोप येतीय बघ."
मारल्या. मांड्या भरून आल्या,
छताकडं बघत पडायला एक कारण वाढलं.
पण त्यानंतर वर्षभर
मामांनी पहाटे पाचला दाराची कडी वाजवली,
गंगावेशीत कट्ट्यावर नेऊन उभं केलं,
म्हशीच्या धारेचा फेसाळ पेला हातात दिला,
आणि एक शब्द बोलले नाहीत.
ह्याला तुमच्या कागदावर रकाना दिसत नाही.

तुमच्या समोर पहिले तीन बुधवार
मी फक्त पंखा ऐकला.
चौथ्या बुधवारी म्हणालो, बेअरिंग गेलंय.
तुम्ही विचारलंत, कसं कळलं?
अर्धा तास बेअरिंगवर बोललो मी,
गोटी कशी झिजते, बाहेरून कसं दिसत नाही,
आवाज आधी घरच्यांना नाही, परक्याला येतो.
आणि मग, कसं कोण जाणे,
धाकट्या भावावर आलो.
पंखा अजून तसाच आहे, मॅडम.
बदलू नका.

खोटं कशाला लिहू, पूर्ण गेलं नाही.
मागच्या मार्गशीर्षात गोळ्या आपल्या आपण बंद केल्या.
बरा झालो, आता कशाला, असं वाटलं.
वीस दिवसांत रंकाळ्याच्या कठड्यावर,
भेळेच्या गाड्या झाकून लोक घरी गेले तरी
बसलेलो, थंडीनं बोटं वाकेनात.
त्याच बोटांनी तुम्हाला फोन लावला.
त्या फोनाचे मार्क
गोळीचे, तुमचे, का माझे?

ड्रॉइंगवर नुसता आकडा कधी नसतो.
पुढं अधिक-उणे असतं,
तेवढी सूट मिळाली की जॉब पास.
म्हणून मी लिहिलं: सहा, अधिक-उणे दोन.

मॅडम हसल्या. कॉम्प्युटर अधिक-उणे घेत नाही म्हणाल्या.
मग त्याला सहाच सांगा.
आजचा दिवस आठचा आहे,
उद्याचं उद्या मोजू.

खाली मेडिकलात महिन्याच्या गोळ्या घेतल्या.
पोराकडं सुटे दोन रुपये नव्हते,
त्यानं लिमलेटची एक गोळी ठेवली काउंटरवर.
तीपण घेतली.