हरकत नाही

माझं काम बोलण्याचं नाही.
इलिनॉय नदीकाठच्या या कोर्टात एकवीस वर्षं
साक्षीदाराच्या पिंजऱ्याखाली बसून
तोंडावाटे जे बाहेर पडतं तेवढंच मी टिपते.
मान हलवली तर ती उमटत नाही.
हुंदका उमटत नाही.
लोरेटा व्हॉसनं बाळाचं नाव सांगितलं तेव्हा
अक्षरं फोडून सांगावं लागलं, नोंदीसाठी :
आन्सेल. शेवटी एकच एल.

तिच्या खटल्यात दोन यंत्रं होती.
एक माझं.
दुसरं दवाखान्यातलं, तिच्या पोटावर पट्टा बांधून
बाळाचे ठोके कागदाच्या पट्टीवर काढत गेलेलं.
एकशे चाळीस, एकशे दहा, ऐंशी.
कडेला नर्सच्या हातचं : डॉ. हॅलोरनना फोन केला, ३:१०.
खाली पुन्हा : फोन केला, ३:२५.
डॉक्टर चारला आले, बुटांवरचा बर्फ झटकत.

सिगरेटचं आधीच ठरलं होतं.
नोव्हेंबरात, ज्यूरी निवडायच्या कितीतरी आधी,
न्यायाधीश टेकमायरांच्या दालनात, रेडिएटर खाकरत असताना
तिचे वकील डियर्किंग तासभर भांडले :
ओढत असेल ती आठवड्यातून एखादी, चोरून,
त्याचा या पन्नास मिनिटांशी काय संबंध?
त्या बारा जणांना फक्त तिचा राग येईल.
मी सगळं घेतलं, त्यांच्या खोकल्याच्या मधलं मधलं.
टेकमायर चष्मा पुसत म्हणाले,
'तूर्त येऊ देतो. पण हे पेन्सिलीनं लिहिलंय समजा.
साक्षीत निघालं की पुन्हा उठा.'

मार्चमध्ये ते निघालं.
सेंट लुईसहून आलेला तज्ज्ञ, तासाला सहाशे डॉलरवाला,
ज्यूरीकडे वळून आजोबांच्या सुरात म्हणाला,
'आणि बाई धूम्रपान करत होत्या.'

आमच्या यंत्रात हरकतीला एकच ठोका लागतो.
अख्खा शब्द, बोटं एकदम खाली.
माझी तयार होती.
डियर्किंग पेल्यात पाणी ओतत होते.
बहुतेक हिशेब करत असावेत : नोव्हेंबरात सांगून झालंय,
आता उठलो तर सिगरेट आणखीच पेटेल.
किंवा थकले होते.
किंवा तहान लागली होती, एवढंच.
मी त्यांच्याकडे पाहिलं.
तेवढंच मला करता येतं, आणि तेही करायचं नसतं.
पुढचा प्रश्न आला.
पान सहाशे बारा, ओळ नऊ. मग ओळ दहा.
गप्प राहण्याला ओळ मिळत नाही.

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात.
अपिलाचे तिघं तर आई नव्हते.
दीड वर्षानं त्यांनी पान सहाशे बारा उघडलं
आणि बोलले ते पट्टीबद्दल नाही,
पन्नास मिनिटांबद्दल नाही,
सिगरेट आत यायला हवी होती की नव्हती, त्याबद्दलही नाही.
दालनातलं भांडण दालनात राहिलं, म्हणाले.
ऐन साक्षीच्या वेळी, नोंदीत
हरकत नाही.

त्यानंतर एकदा दोघं दिसले, खालच्या मजल्यावर,
कॉफीच्या मशीनपाशी. मी पेटी ओढत चालले होते.
डियर्किंग टोपी हातात धरून उभे.
'माझ्याकडून राहिलं,' एवढंच म्हणाले.
ती म्हणाली, 'हरकत नाही.'
पायावर पाय पडल्यावर म्हणतात तसं,
त्यांना सोपं जावं म्हणून.

माझं यंत्र पेटीत बंद होतं.

मग ते गेले. तिनं पर्समधून
निकोटिनचा च्युइंगम काढला, तोंडात टाकला,
आणि चांदीचा कागद कुठे टाकावा
म्हणून इकडेतिकडे बघत राहिली.
मी हात पुढे केला.