धुवण

खानापूर. पहाटे पावणेपाच.
दवाखान्यामागच्या चेंबरचं झाकण
इराप्पा पहारीनं उचकटतो,
मी तपकिरी बाटली दोरीनं खाली सोडते,
आडात कळशी सोडावी तशी.
वर येतं ते दिसायला पाणीच.
थोडा फेस, आणि तो वास
जो बाळंतिणीच्या गोधडीला महिनाभर सोडत नाही.

लेबलावर वर कन्नड, खाली मराठी.
वेळ तेवढी एकदाच लिहायची.
सहाच्या बसनं बेळगाव,
बर्फाचा डबा मांडीवर. शेजारची बाई विचारते,
मासळी काय?

पहिले तीन आठवडे आकडाच आला नाही.
शोधमर्यादेखाली, यंत्र म्हणालं.
म्हणजे नाही, साहेब म्हणाले.
म्हणजे आपल्याला दिसलं नाही, मी म्हटलं.
कागदावर दोन्ही वाक्यं मावतात एकाच चौकटीत.

मग एकदा रिकामी बाटली
मिथेनॉलनं खळबळली, टाकण्याआधी,
आणि ते धुवणच यंत्राला दिलं.
तिथं होतं.
काचेच्या भिंतीला धरून बसलेलं,
पाणी ओतून दिलं तरी न निघालेलं.
लिटरमागं किती, ते सांगत नाही;
अजून तीनदा तपासायचंय.

रात्रपाळीला फरशी गंगव्वा पुसते.
तिच्या बादलीनंतर चाळीस मिनिटांनी
आलेखावर टेकाड उठतं.
तिची सुट्टी, त्या सोमवारी माळ.
"काय मोजूलालीस गं?"
"तुमचं औषध किती उरतंय ते."
हसली. तळवे पुढं केले:
सोललेले, रेघा गेलेले,
रेशनच्या यंत्रानं दोनदा नाकारलेले.
"मग हितं मोज की."

तिथं मोजायची पद्धत
माझ्या वहीत नाही.

झाकण बसवल्यावर इराप्पा
दोन बोटं कपाळाला लावतो, दरवेळी.
कुणाला, ते मी विचारलेलं नाही.
खाली मलप्रभेत कुणीतरी म्हशी सोडतंय,
उजाडायच्या आत.

अहवालात शेवटी एक ओळ घातली:
नमुना ओतल्यावर बाटलीही धुवावी,
धुवण धरून बेरीज करावी.
साहेबांनी खोडली.
पुन्हा घातली.