चौदा नंबरची पेज

दुपारी दीडला बादली भरते.
फोंड्याच्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात
ताटं उचलायचं काम माझं,
आणि ताटं बोलतात.
सातच्या ताटात उंड्याचं कवच तेवढं उरतं,
म्हणजे कवळी अजून घरीच आहे.
अकराने लोणच्याची फोड चोखून ठेवलीय,
तोंडाला चव आली बाईच्या.
चौदाची पेज तशीच.
वर साय धरलेली, चमचा कोरडा.
सिस्टरला सांगते. ती म्हणते, ठाऊक आहे.

पंधरा वर्षं हे सगळं
काळ्या पिशवीत बांधून मागच्या दाराशी ठेवलं.
कुत्री, कावळे, मग ट्रक.
पुढे कुठे जातं, कधी विचारलं नाही.

मग कुंपणापलीकडच्या शाळेतून
उसगावकरबाई आल्या, रिकामा ड्रम घेऊन.
म्हणाल्या, आमची पोरं पाव खातात, भाजी टाकतात,
तरी खड्ड्याचं पोट भरत नाही.
डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले.
ताटातलं नाही, पातेल्यातलं न्या.
देठं, साली, तळाला लागलेला भात.
बरोबरच होतं. आजार आजाराच्या जागी राहावा.

तेव्हापासून दोन बादल्या.
हिरवी शाळेची.
उष्ट्यासाठी आवारातच चिऱ्यांचं टाकं,
झाकणबंद, सहा महिने उघडायचं नाही.
किल्ली माझ्या कनवटीला.

ज्योकिम, सातवीतला, हिरवी बादली न्यायला येतो.
आधी नाक धरायचा.
परवा मलाच दटावलं त्याने,
"मावशी, कालच्यात इंजेक्शनचं टोपण होतं!"
आणि तळहातावर धरून परत दिलं.
मी ओशाळले. पोरगं खरं बोलत होतं.

टाकं उघडलं तेव्हा
आत पेज नव्हती, उंडा नव्हता,
कुणाचं कुठलं ते सांगता येणार नाही
अशी काळी, भुसभुशीत माती.
दारातल्या तगरीला ओंजळभर घातली.
चौदावर आता तिसरी बाई आहे.
पहिलीचं मी विचारलं नाही,
गादी उन्हात टाकली तेव्हाच कळलं.

आज शाळेतून तांबडी भाजी आली. दोन जुड्या.
एवढ्यात कोणाकोणाला पुरणार, आचारी हसला.
मी बसून चिरली, खोबरं जास्त घातलं,
चौदाच्या पेजेशेजारी चमचाभर वाढली.

तिने आधी हुंगली.
मग माझ्याकडे बघितलं.

दीड वाजायला अजून वेळ आहे.