उकळी

प्राइमसच्या स्टोव्हवर चपटा स्टीलचा डबा,
डब्यात काचेच्या तीन सिरिंजा
आणि टोकाला बोथट होत आलेल्या सुया.
अण्णा सांगायचे, "उकयी फुटनी का मोजाले लाग, बेटा.
दहा दाव शंभर."

मी सात वर्षांची. ओट्यावर सागरगोटे मांडलेले, मैत्रिणी थांबलेल्या.
पहिलं शंभर नीट.
दुसऱ्यात साठानंतर थेट ऐंशी.
चौथ्यालाच मी ओरडायची, "झालं!"
अण्णा चिमट्यानं सुई उचलायचे.
हिवतापाचं साल होतं,
दवाखान्याची रांग पार अनेरच्या पुलापर्यंत.

आता चोपड्याला, सरकारी दवाखान्यात,
खोली नंबर अकरामध्ये मी रक्त तपासते.
पट्टीवर एक रेघ, म्हणजे जा घरी.
दोन रेघा, म्हणजे बसा जरा.
केवलबाई : दोन.
उखर्डू भोई : दोन.
गुमान बारेला, डोंगरातून दोन गाड्या बदलून आलेला : दोन.
मी विचारते, कधी रक्त चढवलं? ऑपरेशन? जत्रेत गोंदून घेतलं?
छे, म्हणते केवलबाई. तापाची इंजेक्शनं तेवढी,
तुझ्या बापाच्या हातची.
हात लई हलका होता त्याचा.

त्याच्यापाशी असतो एकच धागा,
साडेनऊ हजारांहून थोडी जास्त अक्षरं,
शाळेच्या एका वहीत मावतील एवढीच.
रक्तातून येताना तो चरबीचं पांघरूण घेतो.
यकृताच्या पेशीला वाटतं, शिधा आला. ती दार उघडते.
मग तो तिलाच बसवतो नक्कल उतरवायला,
दिवसाला लाख कोटी.
उतरवलेलं कुणी पुन्हा वाचत नाही.
इथं एक अक्षर चुकतं, तिथं एक,
आणि चुकांवरच त्याचं पोट चालतं :
पहारेकरी एक चेहरा ओळखतात तोवर
चेहरा दुसराच झालेला.
पुस्तकात हे वाचलं तेव्हा मी पान मिटलं.
साठानंतर ऐंशी म्हणणारं कुणीतरी
त्याच्याही आत बसलेलं आहे.

केळीवर हरण्या आला की आमच्याकडे
झाड मुळासकट उपटतात, शेताबाहेर पुरतात.
माणसाचं तसं करता येत नाही.
आणि यकृत तर बोलतही नाही. तीस वर्षं निमूट राबतं,
भरताच्या वांग्यासारखं गुळगुळीत असलेलं
आतल्या आत सुरणासारखं गाठाळत जातं,
मग एक दिवस पोटात पाणी, तळवे लाल,
आणि उखर्डू जेवायच्या ताटावर
मुलाचं नाव विसरतो.

अण्णांचं रक्त मी सगळ्यात शेवटी घेतलं.
तेही दोन.
कितीदा टोचली असेल स्वतःलाच, घाईत.
त्या रात्री मी सांगून टाकलं. सागरगोटे, साठ, ऐंशी, सगळं.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"माले आयकू ये," म्हणाले. "दर दाव आयकू ये."
मग?
"रांग मोठी व्हती, बेटा."

गोळ्या बारा आठवड्यांच्या. रोज एकदा.
चौऱ्यांशी दिवस,
अण्णा हसले, म्हणाले, चौऱ्यांशीचा फेरा.
नंतरच्या तपासणीत विषाणू आढळला नाही.
पण पट्टीवरच्या रेघा अजून दोनच येतात, येत राहतील.
चोर गेला तरी पहारेकरी चौकी सोडत नाहीत.
गाठीही सगळ्या विरल्या नाहीत.
उखर्डूला तर गोळ्या पोचल्याच उशिरा.

आज केवलबाई आली. तिला आकडे वाचता येत नाहीत.
पिशवीतून तिन्ही डब्या काढून तिनं टेबलावर ओतल्या,
मोजून दे म्हणाली, पुरत्या आहेत ना.
बाहेर बाकावर नऊ माणसं. साहेब दोनदा डोकावून गेले.
मी एकेक गोळी बोटानं सरकवते, मोठ्यानं.
अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ.
एकसष्ट.