नमुना सतरा

दोन रांजण, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले,
आत एक मूल.
गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर,
घराच्या जमिनीखाली, चुलीच्या उजव्या अंगाला.
माती उपसणाऱ्या झिपाबाई म्हणाल्या,
"लांब नाही नेलं हो तिनं."
मी टिपलं : नमुना सतरा. वय अंदाजे पाच महिने.

कानामागचं हाड सगळ्यांत टणक.
त्याच्या पोटात एक शंख असतो, वाटाण्याएवढा,
आणि तो जन्मानंतर वाढत नाही.
म्हणजे नमुना सतराचा शंख आणि माझा
जवळपास एकाच मापाचे.
मी पांढऱ्या झग्यात, हातमोज्यांवर हातमोजे,
माझा श्वास त्याच्यात मिसळू नये म्हणून तोंड बांधून
त्याला बारीक ड्रिल लावतो.
भुकटी पडते, चिमूटभर,
रांगोळी संपत आल्यावर डब्याच्या तळाशी उरते तेवढी.

मधल्या दिवसांत सुरगाण्याकडे
जिवंत माणसांची थुंकी गोळा करत फिरलो.
"नळीत या रेघेपर्यंत. फेस धरायचा नाही."
सोमीबाई गावित हसून हसून बेजार.
"आजवर साहेबलोक आमच्यावर थुंकले,
आता आमचीच थुंकी मागाया आले."
मग नळी उजेडात धरून :
"यात माझी आई दिसंल?"
दिसेल. तिची आई. तिचीही आई.
"नाव दिसंल?"
नाव नाही. अक्षरं दिसतात, चार.
"चारच? इतक्यात तर गावितसुदीक नीट लिहून व्हयाचं नाही."
नाचणीची भाकर खाऊन मी बस पकडली,
खोक्यात एकसष्ट नळ्या.

नाशिकरोडहून समाजाचे चिटणीस आले, पेढे घेऊन.
"आम्ही मूळचे कुठले, शुद्ध कितपत,
तेवढं लेटरहेडवर द्या."
म्हटलं, काका, आपण सगळेच चिवडा.
पोहे कुठून आले, दाणे कुठून, तिखट कधी पडलं,
ते थोडंफार सांगता येतं.
निवडून परत वेगळं करता येत नाही.
पेढे त्यांनी परत नेले.

आश्विनात आई गेली.
अमरधामातून राख आणली, तिच्यातली हाडं हातानं वेचली.
कानामागचं होतं का त्यांत, मी बघितलं.
सवयीनं बघितलं. ताईनं पाहिलं मला बघताना.
रामकुंडावर गुरुजींनी लाल फडक्यातली वही सोडली :
तांबट आळी, गोविंदशेट,
त्याआधी भिकशेट, त्याआधी रामशेट,
मोडीतली सही, शाई तपकिरी.
"पणजीचं नाव?"
गुरुजींनी बोट फिरवलं, थांबवलं.
"कुटुंबासह आले, असं आहे ना."
मग दौत पुढे करून म्हणाले, "घाला तुम्ही आईचं."
मी घातलं. इंदुमती.
अक्षर थोडं मोठं आलं.

या कुंडात अस्थी विरघळतात म्हणतात.
माझं पोट न विरघळणाऱ्या हाडांवर.
मडकं पालथं करताना हे डोक्यात आलं,
आणि काठावरच्या पोरांनी चुंबक बांधलेली दोरी
नाण्यांसाठी तिथेच टाकली.

आईकडून येतो तो धागा
मुलाकडे येतो आणि तिथेच गाठ बसते.
माझ्यापाशी तो थांबला.
सिन्नरला ताईच्या धाकटीकडे आहे अजून.
ती आठवीत. गणितात कच्ची.

फाल्गुनात नमुना सतराचा निकाल आला.
निकाल नाही, असा.
दख्खनचे तीन हजार उन्हाळे
सगळं पुसून बसले होते.
अहवालात दीड ओळ :
मिळालेला डीएनए बहुतांश मातीतल्या जिवाणूंचा.
किरकोळ अंश आजच्या माणसाचा, संसर्ग,
तपासता जुळला हाताळणाऱ्याशी.

उरलेला अर्धा शंख कापसात ठेवला,
खोक्याला चिठ्ठी लावली,
आणि ती ओळ पुन्हा वाचली.
हाताळणाऱ्याशी.
दोन-दोन हातमोजे घालूनही थोडं माझं
गेलं होतं त्या पाच महिन्यांच्या कानात.
खाली कोष्टकात कुठला धागा, तेही होतं.
आईचा.